शिट्टी ठेवली, पण तुला एक सांगायचं राहिलं

धाराशिव

प्रिय गड्या,
सप्रेम नमस्कार.

परवा तालुक्याच्या शालेय खो-खो स्पर्धेत १४ वर्षांखालच्या मुलांचा सामना केला आणि शिट्टी खिशात टाकली ती कायमची. गुडघे अजून साथ देतात रे. पण उन्हात मैदानावर आखलेल्या पाटीवरचा पाय आता नीट दिसत नाही, आणि ज्याला पाय दिसत नाही त्यानं पंच म्हणून उभं राहू नये.

किल्लारीच्या भूकंपानंतरच्या वर्षी, १९९४ ला, आपण जोडीनं पंच परीक्षा दिली. तेव्हापासून मैदानाच्या मधोमध आखलेल्या मध्यपाटीच्या अलीकडचं माझं, पलीकडचं तुझं. एसटीनं जायचं, शाळेच्याच वर्गात सतरंजीवर झोपायचं, सकाळी उठून चुना मारायचा. मानधनाचं तर बोलायलाच नको.

आज लिहायला बसलोय ते २०१५ च्या सामन्यासाठी. पावसानं पाठ फिरवली होती. मैदानावर सडा मारायला पाणी मागायची लाज वाटायची. पुढच्या एप्रिलात तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पोरी कोरड्या मातीत सूर मारायच्या, कोपरं सोलून निघायची, पुन्हा उठून पळायच्या. १७ वर्षांखालच्या मुलींची जिल्ह्याची अंतिम लढत, शेवटचा मिनिट. माझ्या बाजूला एका पोरीनं खांबाजवळ गडी टिपली आणि मी फाऊल दिला. खो मिळण्याआधीच उठली, म्हणून. गडी नाबाद ठरली, टिपणाऱ्या पोरीचा संघ एका गुणानं हरला.

गड्या, ती उठताना मी पाहिलंच नव्हतं. माझी नजर पळणारीवर होती. कडेनं "उठली, उठली" असा गलका झाला आणि माझी शिट्टी वाजली. हरलेल्या संघाचे सर सामन्याच्या सरपंचांकडे, म्हणजे मुख्य पंचांकडे, तक्रार घेऊन आले, तेव्हा तू माझ्याजवळ येऊन म्हणालास, "यांच्या नजरेतून काही सुटत नाही." त्या वाक्यानं माझं तोंड बंद केलं. तू मनापासून बोलला होतास, म्हणूनच खरं सांगायचं धाडस झालं नाही. त्या संघातल्या दोघी दहावीच्या होत्या. पुढच्या वर्षी त्या शाळेच्या संघात नव्हत्या. त्यांचं पुढं काय झालं, हे विचारायला मी कधी गेलो नाही, ही दुसरी चूक.

त्यानंतर न दिसलेला फाऊल मी एकदाही दिला नाही. शिव्या खाल्ल्या, पण दिला नाही. नव्या पोरांना पंचगिरी शिकवताना पहिलं हेच सांगायचो, कान मिटून ठेवा. कुठून शिकलो, ते मात्र सांगितलं नाही.

२०१६ ला गुवाहाटीत आपल्या धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींना दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खोचं सुवर्ण मिळालं, तेव्हा माझ्या शाळेतल्या पोरी आपणहून मैदानावर आल्या. चार वर्षांनी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तेव्हा तू फोनवर रडला होतास. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत भारताचे पुरुष आणि महिला, दोन्ही संघ खो-खोचा विश्वचषक जिंकले. मॅटवरचा खेळ टीव्हीवर पाहताना माझं लक्ष पंचांच्या डोळ्यांकडंच जात होतं.

जिल्ह्याच्या स्पर्धेच्या तारखा लागल्या की कळवतो. तू पुण्याहून ये, दोन दिवस राहा. आपण कडेला बसून बघू. त्या निर्णयावर रागवायचं असेल तर तेव्हाच समोरासमोर रागाव, फोनवर नको.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुझाच,
अलीकडच्या बाजूचा पंच