दशावतार टिकवायचा तर कंपनी टिकली पाहिजे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जत्रांचा हंगाम तोंडावर आला की दशावतार, म्हणजे देवळांच्या जत्रांत रात्रभर चालणारे आपले लोकनाट्य, 'जतन' करण्याच्या सूचनांना ऊत येतो. स्पर्धा भरवा, महोत्सव घ्या, खेळ दोन तासांत बसवा, चित्रीकरण करून ठेवा. हेतू चांगलाच असतो. पण सिंधुदुर्गात दशावतार जगवतो कोण, तर मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर, आरोलकर, खानोलकर, चेंदवणकर अशी व्यावसायिक मंडळे, बोलण्यात 'कंपनी'. कला जपायची आणि कंपनी वाऱ्यावर सोडायची, हे जमणारे नाही.

आधी इतिहासातली एक दुरुस्ती. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ मध्ये कर्नाटकातून दशावतार कोकणात आणला, असे भाषणांतून ठोकून सांगितले जाते. काळे यांचे श्रेय काढून घेण्याचे कारण नाही. पण सतराव्या शतकातल्या दासबोधात दशावतारी खेळाचा आणि त्यात सुंदर नारी होऊन येणाऱ्या पुरुषांचा उल्लेख आहे, तेव्हा मराठी मुलखाला हा खेळ त्याआधीच ठाऊक होता. विष्णुदास भाव्यांचे 'सीतास्वयंवर' सांगलीत झाले १८४३ मध्ये. त्यावरून आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन पाळतो आणि त्या दिवशी दशावताराचे नाव सहसा कुणी काढत नाही. गणपती आणि सरस्वतीला आधी रंगमंचावर आणण्याची भाव्यांची रीत इथल्या देवळांत मात्र अजून दर रात्री चालू आहे.

कंपनी म्हणजे साधारण बारा ते पंधरा माणसे. मालक, पायपेटीवाला (बहुधा तोच गातो), पखवाजी, झांजवाला. मग राजापार्टी (राजाचे काम करणारा), स्त्रीपार्टी (स्त्रीचे काम करणारा), राक्षस, नारद, भटजी, विनोदी पात्र. सगळे पुरुष. नेपथ्य म्हणजे मागे पडदा आणि पुढे एक बाकडे. तेच सिंहासन, तेच रथ, तेच कैलास. लिखित संहिता नसते. रंगपटात तोंडाला रंग चढत असतानाच मालक आख्यानाचा, म्हणजे त्या रात्रीच्या पौराणिक कथेचा, धागा सांगतो: कोण कुणाचा मुलगा, शाप कुणी दिला, कुणाच्या मागून कुणी यायचे, युद्ध कुठे. संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे. राजाने भारदस्त प्रमाण मराठीत, विनोदी पात्राने मालवणीत. म्हणून एकाच कंपनीत चार हंगाम एकत्र काढलेले नट लागतात. समोरचा कुठे श्वास घेतो, कुठल्या शब्दावर थांबतो, हे ठाऊक असल्याशिवाय असे नाटक रात्रभर चालत नाही.

कंपनीचे अर्थकारण जत्रेवर उभे आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू होतात आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत खेळ चालतात. कुठल्या गावच्या जत्रेत कुठली कंपनी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. हा हक्क म्हणजे मान आणि तेवढेच बंधनही. जत्रेची बिदागी जुन्या काळी ठरलेली, बहुतेक ठिकाणी फार न वाढलेली. नारळ-तांदूळ मिळतील तेवढे. तरी हक्काची जत्रा सोडता येत नाही, कारण ती सोडली तर उद्या दुसरी कंपनी उभी राहते. तूट भरून निघते ती पूजा, हळदीकुंकू, मंडळांचे वर्धापनदिन अशा बाहेरच्या प्रयोगांतून. त्यात जत्रा तिथीवर ठरतात. अधिक महिन्याच्या वर्षी सगळे वेळापत्रक सरकते, आणि तारखेवर ठरवलेले बाहेरचे प्रयोग नेमके हक्काच्या जत्रेवर येऊन आदळतात. नटाला पावसाळ्यात उचल द्यायची आणि हंगामात ती 'नाईट'मधून, म्हणजे रात्रीच्या प्रयोगाच्या पैशांतून, कापायची, अशी पद्धत. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली ती ऐन हंगामात. पुढच्या नाईट बुडाल्या, उचल तशीच अंगावर राहिली. मालकाच्या आणि नटाच्याही.

आता जत्रेच्या रात्रीविषयी, कारण खरी कात्री तिथे लागते. पालखीची प्रदक्षिणा आटोपल्यावर आडदशावतार, म्हणजे आख्यानाआधीचा ठरलेला भाग: गणपती, ऋद्धिसिद्धी, भटजी, मोरावरची सरस्वती, मग काळ्या वेशातला संकासुर आणि त्याचा वध करणारा विष्णू. त्यानंतर आख्यान आणि पहाटे दहीकाला. पालखीला उशीर झाला की आयोजक मालकाला म्हणतात, "आडदशावतार उरकून घ्या, लोकांना आख्यान हवे आहे." लोकांना कदाचित हवेही असेल. पण नवा मुलगा पहिल्यांदा उभा राहतो तो ऋद्धिसिद्धीत, जिथे बोलायचे कमी आणि साडी नेसून नीट चालायचे जास्त. हजरजबाबीपणा शिकतो तो संकासुर-भटजीच्या मालवणी जुगलबंदीत. हा भाग दहा मिनिटांत गुंडाळला की शिकण्याची जागाच जाते, आणि पाच वर्षांनी तेच लोक विचारतात, नवे नट का येत नाहीत?

दुसरी अडचण ध्वनिक्षेपकाची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. राज्याला वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२ पर्यंत सवलत देता येते. खुल्या जागेत नुसत्या वाद्यांनाही आता बंधन आहे. जत्रेतले नाटक सुरूच होते सवलत संपायच्या वेळेला. शिवाय हे दिवस जिल्ह्यासाठी ठरतात आणि बहुतेक गणेशोत्सव-नवरात्रात खर्ची पडतात. जत्रा तर रोज वेगळ्या गावात. गावाच्या जत्रेची रात्र त्या गावापुरती मोजावी, अशी मागणी लोकप्रतिनिधींनी नेटाने लावून धरायला हवी. शांततेचा नियम नको, असे कुणीच म्हणत नाही.

तोवर देवस्थानांच्या हातात बरेच आहे. प्रयोग उघड्या माळावर न घेता सभामंडपात घ्यावा, कर्णे रस्त्याकडे न वळवता लहान स्पीकर-पेट्या प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवाव्यात. माइक नटांच्या हाती न देता वरून दोन टांगावेत. हातात माइक आला की तलवार धरायची कशाने? स्पीकरची पेटी टांगलेल्या माइकच्या मागे किंवा वर गेली तर शिट्टी येणारच, मग ध्वनिवाला आवाज कमी करतो आणि नट ओरडू लागतो. पखवाजाला वेगळा माइक मुळीच नको. त्याने गाणे बुडते, आणि रोज असे ओरडून बोलणाऱ्या नटाचा आवाज अर्ध्या हंगामात बसतो. रंगपटासाठी कोरडी, उजेडाची खोली, पंधरा माणसांना पुरेल एवढे पाणी, शौचालय आणि पहाटे रंग उतरवायला गरम पाणी, एवढे केले तरी पुष्कळ. घामाने भिजलेले शेले आणि साड्या तशाच पेटाऱ्यात भरून कंपनी पुढच्या गावी निघते. दिवसा ऊन दिले नाही तर जरीकाम काळे पडते, पुठ्ठ्याचे मुकुट दवाने मऊ होतात. म्हणून पुढच्या गावात पोचल्यावर कपडे वाळत घालायला अंगण मिळणे ही चैन नव्हे. बिदागी पेटारा टेंपोत चढण्याआधी द्यावी, 'उद्या पाठवतो' म्हणू नये.

पावसाळ्यातल्या 'संयुक्त दशावतारा'बद्दलही स्पष्ट लिहायला हवे. वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले पाच-सहा नट उचलायचे आणि एक रात्र गाजवायची, असा हा प्रकार. रिकाम्या महिन्यांत नटांना चार पैसे मिळतात, ते हवेच आहेत. पण सवय नसलेले दोन बलदंड वक्ते समोरासमोर आले की नारद-राजाचा संवाद तासभर लांबतो, टाळ्या पडतात आणि आख्यान वाऱ्यावर जाते. झांजवाला, भटजी, नवी मुले यांना त्यात जागा नाही. आयोजकांनी एखादा तरी पावसाळी प्रयोग अख्ख्या कंपनीला द्यावा. ट्रिकसीनचेही तसेच. धूर, रंगीत दिवे, उडणारा नाग पाहायला गर्दी होते. पण त्यासाठी जनरेटर, दोन-तीन जास्त माणसे आणि मोठा टेंपो लागतो, आणि दिव्याची खूण ठरलेली असल्याने नटाला बोलणेही ठरवूनच बोलावे लागते. उत्स्फूर्तपणा तिथेच संपतो.

अनुदान देणाऱ्यांनी स्पर्धेच्या ढालीपेक्षा पेटारा, कपडेपट आणि वाहनाला पैसे द्यावेत. जत्रेतल्या खाजेवाल्यांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचा धंदा पहाटेपर्यंत चालतो तो नाटक उभे असते म्हणून. त्यांच्याकडून जागेचे पैसे घेणाऱ्या समित्यांनी त्यातला वाटा बिदागीत घालायला काय हरकत आहे?

शेवटी आपल्यालाच एक विनंती. हंगामात वर्तमानपत्रांत जत्रांची यादी येते: गाव, देवस्थान, तारीख. तिच्यात कंपनीचे नाव आणि नाटक सुरू होण्याची वेळ, एवढे दोन रकाने वाढवावेत. लांबून येणारा प्रेक्षक आज कुठल्या गावात कुणाचे नाटक आहे, हे अजूनही फोनवर विचारत बसतो.

आपला,
एक दशावतारप्रेमी वाचक, ता. कुडाळ