तुर्भ्याच्या स्प्रिंगवाल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही. “बरं बरं, गाडी नीट चालतेय ना?” म्हणता आणि विषय बदलता. म्हणून हे पत्र लिहितेय, आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय. घरी गाडी बांधणारे आपल्याकडे मोजकेच, पण जे आहेत त्यांतल्या बऱ्याच जणांची गाडी मागून बसलेली असते. तुम्ही आम्हाला जे दाखवलंत ते त्यांनाही कळायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मी आणि माझा धाकटा भाऊ, आम्ही कळव्याचे. ब्रिटिश मोटार-डिझायनर कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली काढलेल्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर आम्ही दोन सीटची उघडी गाडी बांधली. चौकोनी नळ्यांची चेसिस, आणि इंजिन, गिअरबॉक्स, मागची हाउसिंग (मागची दोन्ही चाकं धरणारा आडवा आस) सगळं जुन्या ओम्नीचं. ओम्नीच का, तर ७९६ सीसीचं ते छोटं इंजिन मागची चाकं फिरवतं आणि सेव्हनला नेमकं तेच लागतं. ओम्नीचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, मात्र या चेसिसमध्ये बसत नाहीत. त्यामुळे हाउसिंग चार दांड्यांवर आणि तिला बाजूला सरकू न देणाऱ्या एका आडव्या पॅनहार्ड रॉडवर धरली, आणि दोन्ही बाजूंना स्प्रिंगवाले शॉकअप लावले. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२६ प्रमाणे प्रोटोटाइपची, म्हणजे नमुना गाडीची, चाचणी झाल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. म्हणून ती महाप्याला, मित्राच्या कंपनीच्या आवारातच फिरते.

पण फिरणं कसलं! एकटं बसलं तर कशीबशी चालायची. दोघं बसलो की मागचा भाग खाली जायचा, आवारातल्या गतिरोधकावर धाडकन आपटायचा, आणि पुढे कितीतरी वेळ उसळत राहायचा. वळणावर तर मागची बाजू हातात आहे असं वाटायचंच नाही. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: स्प्रिंग नरम आहे, जाड तारेची टाका. कुणी रबराचे ठोकळे घालायला सांगितले. एका दुकानात तर गाडी न बघताच नव्या स्प्रिंगचा भाव हातात ठेवला.

काका, तुमच्याकडे आम्ही आलो तेही जाड स्प्रिंग बनवून घ्यायलाच. एपीएमसीला जाणाऱ्या ट्रकांचे पाटे तुमच्या दारात ओळीने पडलेले, भट्टीजवळ माणसं कामात. त्या गडबडीत तुम्ही आमची स्प्रिंग हातात घेतलीत, तारेची जाडी मोजायला वर्निअर लावलं, वेढे मोजलेत आणि म्हणालात, “हिला काय झालंय? ही चांगली आहे. ही उभी कशी आहे ते बघू दे आधी.” आणि रविवारी स्कूटरवरून महाप्याला आलात.

त्या दिवशी तुम्ही जे केलंत ते माझ्या डोळ्यांसमोर अजून जसंच्या तसं आहे. पाना हातात घेतलाच नाहीत. खिशातून दोरा काढलात, टोकाला नट बांधलात आणि शॉकअपच्या वरच्या बोल्टला ओळंबा सोडलात. शॉकअप ओळंब्यापासून चांगला ४० अंश आत झुकलेला होता, मधल्या पेट्रोलच्या टाकीकडे. मग दोन्ही शॉकअपच्या दांड्यांवर एकेक बारीक ओ-रिंग (शॉकअप किती दबला याची खूण ठेवणारी रबरी कडी) चढवलीत, आम्हा दोघांना बसवलंत आणि आवाराला एक फेरी मारायला सांगितलंत. परत आलो तेव्हा दोन्ही रिंगा पार वर, चाल संपली की धक्का झेलणाऱ्या शॉकअपच्या रबराला टेकलेल्या. “बघा, ९० मिलिमीटरची चाल आहे, ती बसल्या बसल्याच संपली. आता गाडी स्प्रिंगवर नाही, या रबरावर चाललीय. रबर उलटं फेकणारच.”

पुढचं माप तर मी आयुष्यभर विसरणार नाही. जॅकने चाक २० मिलिमीटर वर उचललंत आणि शॉकअप किती दबला ते मला टेपने बघायला लावलंत. फक्त १५! बाकीचं कुठे गेलं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, “काठी तिरपी टेकवून उभं राहून बघ ताई, भार पेलते का.” मग नीट समजावलंत. तिरप्या शॉकअपचं नुकसान दोनदा होतं. चाक जेवढं हलतं त्यापेक्षा तो कमी दबतो, आणि दबून जो जोर लावतो त्याचाही थोडाच भाग सरळ वर लागतो. ४० अंशांवर हिशेब केला तर स्प्रिंगच्या शंभरातले साठसुद्धा चाकापर्यंत पोचत नाहीत. गाडी जसजशी बसते तसतसा शॉकअप आणखी आडवा होतो, म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच तो सगळ्यात कमजोर पडतो.

मी विचारलं, मग जाड तारेनेही तेच साधेल ना? त्यावर तुम्ही दिलेलं उत्तर घरी गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावं. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. आमची तार ९ मिलिमीटरची. तिच्या जागी त्याच मापाची, तेवढ्याच वेढ्यांची १० मिलिमीटरची घेतली तर स्प्रिंग दीडपट कडक होईल. शॉकअप ४० वरून २० अंशांवर उभा केला तरी चाकाला मिळणारा जोर दीडपटच होतो. “पण तारेने फक्त स्प्रिंग वाढेल. आतलं तेल तेवढंच राहील. स्प्रिंग कडक आणि शॉकअप दुबळा, म्हणजे गाडी उंच होईल, पण उसळी थांबणार नाही. उभा केला तर दोन्ही वाढतात.” उसळी स्प्रिंग थांबवत नाही, शॉकअप थांबवतो, हे माहीत सगळ्यांना असतं. पण तिरपेपणा स्प्रिंगइतकाच शॉकअपलाही खातो, हे आम्हाला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

काम तसं सरळ होतं, पण त्यात तुम्ही घाई केली नाहीत. वरचा ब्रॅकेट सुमारे १० सेंटिमीटर बाहेर आणि थोडा वर न्यायचा होता. बाहेर नेला की त्याखाली चेसिसची नळी नव्हती. नुसता ब्रॅकेट लांबवायला तुम्ही साफ नकार दिलात. आडवी नळी वाढवून तिला खालून तिरपा आधार दिलात, ५ मिलिमीटरच्या पत्र्याचे ब्रॅकेट कापून आधी नुसते टाचून ठेवलेत. मग स्प्रिंगा काढून हाउसिंग जॅकवर पूर्ण वर नेलीत, टायर आणि शॉकअप यांच्यामधून आपली बोटं फिरवलीत, एक बाजू वर आणि एक खाली करूनही पाहिलंत, आणि मगच तुमच्या वेल्डरला पक्का जोड मारायला सांगितलात. पेट्रोलच्या टाकीला हातही लावावा लागला नाही.

शेवटी राहिली उंची. तिथे तुम्ही कॉलर, म्हणजे शॉकअपवर स्प्रिंग जिच्यावर टेकते ती कडी, २५ मिलिमीटर चढवलीत आणि मला बजावलंत की याने गाडी उचलली जाते, स्प्रिंग कडक होत नाही. कडक वाटलीच तर समज की खाली सुटायची चाल संपली आणि चाक खड्ड्यात उतरत नाहीये. स्प्रिंग पूर्ण दाबून वेढ्यावेढ्यांत फट उरते की नाही तेही पाहिलंत. दोघं बसलो आणि रिंग पाहिली, तर ३५ मिलिमीटर चाल शिल्लक होती. त्याच स्प्रिंगा, तेच शॉकअप!

गतिरोधकावरून गेलो तेव्हा मागची बाजू वर गेली, खाली आली आणि तिथेच थांबली. माझा भाऊ ओरडलाच. आता वळणावर चाकं कुठे आहेत ते सीटमध्ये बसून कळतं. गाडीत बसून मला पहिल्यांदाच शांत वाटलं, आणि हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आणखी एक सांगायचंय. गॅरेजमध्ये प्रश्न मी विचारते आणि उत्तर भावाकडे बघून दिलं जातं. याची सवय झालीय, पण लागतं ते लागतंच. तुम्ही प्रत्येक माप मला घ्यायला लावलंत, चुकलं तर पुन्हा घ्यायला लावलंत आणि उत्तर मलाच दिलंत. मापांची ती वही मी जपून ठेवलीय. पहिल्या पानावर तुमच्या हातचं शॉकअपचं चित्र आहे, ग्रीसच्या बोटांसकट. स्प्रिंग विकून चार पैसे मिळत असताना तुम्ही ती विकली नाहीत, आणि वेल्डरची मजुरी सोडून काही घेतलं नाहीत. त्या रविवारचं मोल मला देता येणार नाही.

आता पुढच्या बाजूचे शॉकअप बघायचेत. ओळंबा मी आधीच लावलाय, ३५ अंश भरतोय. तिथे दांड्या वेगळ्या असल्यामुळे माप कुठून धरायचं याची मला खात्री नाही. दिवाळीनंतर तुमची गर्दी ओसरली की एक रविवार द्या. जेवण आमच्याकडून, आईने आत्तापासूनच बजावून ठेवलंय.

तुमची,
कळव्याची ताई