पहाटे तुटलेली रेषा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

सात महिने तुला दोन ओळीही लिहिल्या नाहीत, याची खंत आहे. आईची साखर आटोक्यात आहे, माझी पाठही बरी आहे. मंगळवारी पहाटे आमचा सगळा कोड ठेवणारा गिटलॅबचा सर्व्हर बंद पडला, आणि त्यातले नेमके काय लागले हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार?

रोजचे बॅकअप त्याच डिस्कवर साठत होते आणि जुने काढून टाकण्याची मुदत मी कधी घातलीच नव्हती. डिस्क भरली, पोस्टग्रेस या डेटाबेसला लिहायला जागा उरली नाही. आणि गिटलॅबसोबत येणारा, सर्व्हरवर देखरेख करणारा प्रोमिथियसही तिथेच नोंदी ठेवत असल्यामुळे आलेखाची रेषा 3 वाजून 40 मिनिटांनी तुटली, ती तुटलीच. देखरेखीसाठी वेगळ्या यंत्राच्या खर्चावरून टपरीवर आपण किती भांडलो होतो! तुझेच बरोबर होते.

आता प्रोमिथियससाठी वेगळे यंत्र घेतले आहे. त्याला मोजमापे पुरवणारे नोड एक्सपोर्टर (पोर्ट 9100), पोस्टग्रेसचा एक्सपोर्टर (9187) आणि कोडचे साठे हाताळणारी गिटॅली (9236) हे सारे मुळात लोकलहोस्टपुरतेच, म्हणजे त्याच यंत्राच्या आतले, ऐकतात, म्हणून प्रत्येकाचा पत्ता बदलून गिटलॅब रिकॉन्फिगर केले, म्हणजे बदल लागू केले, आणि फायरवॉलमध्ये फक्त नव्या यंत्राचा आयपी उघडला. तोच आयपी गिटलॅबच्या परवानगीच्या यादीत घालायचा राहिला होता; तिथे नकार 404, म्हणजे ‘पान सापडले नाही’, म्हणून येतो, त्यामुळे तासभर मी पत्त्यातली चूक शोधत होतो. नोंदी आपोआप 15 दिवसच राहतात, त्या वर्षभर ठेवल्या.

झोप उडवली आहे ती डिस्क भरत आल्याच्या इशाऱ्याने. गेल्या सहा तासांत मोकळी जागा ज्या वेगाने घटली त्या उतारावरून चार दिवसांनंतरचा अंदाज बांधणारा नेहमीचा नियम लावला, तर रात्रीच्या बॅकअपने मोकळी जागा एका झटक्यात घटते आणि रोज पहाटे खोटी हाकाटी होते. सात दिवसांचा उतार घेतला की ती थांबते. पण कोड आपोआप तपासणाऱ्या एखाद्या पाइपलाइनने दोन तासांत डिस्क भरली तर? म्हणून दोन्ही नियम ठेवले, आणि लहान मुदतीच्या नियमाला जागा खरोखरच कमी असण्याची अट जोडली. हे तुला पटते का, ते भांडूनच सांग.

टोरांटोतले नवे घर कसे आहे? वहिनींची परीक्षा झाली का?

एक मागणे आहे. नवे यंत्रच बंद पडले तर ते कोण सांगणार? इशारे पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरकडून दर पाच मिनिटांनी एक संदेश तुझ्या घरच्या सर्व्हरवर पाठवतो. तो थांबला की मला फोन कर. आमची पहाट होते तेव्हा तुझ्याकडे संध्याकाळ असते.

तुझाच