मखरातलं चक्र आणि ते एक मोजमाप

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

मखरातलं चक्र अचानक भरधाव फिरायला लागलं की पहिला संशय आयसीवर जातो. मोटरला जाणारा व्होल्टेज ठरवणारा एलएम३१७ उपसायचा, नवा बसवायचा, आणि वेग तसाच! तुम्ही दाखवलेल्या एका मोजमापाने ही फुकटची डाखाडाख थांबते. त्याबद्दल मनापासून आभार. इतर मंडळांनाही उपयोग व्हावा म्हणून ते इथे लिहितो.

सर्किट नेहमीचंच: ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा डायोडचा ब्रिज, एलएम३१७ आणि ३०० मिलिअँपिअर घेणारी ६ व्होल्टची गिअर मोटर. छापील बाजू समोर धरली की आयसीचा डावा पाय ॲडजस्ट, मधला आउटपुट, उजवा इनपुट. सर्किट चालू असताना मीटर मधल्या आणि डाव्या पायावर धरायचा. तिथे १.२५ व्होल्ट हवेत. चक्र पळतंय आणि इथे जवळपास शून्य, म्हणजे आयसी निर्दोष. ॲडजस्टपासून ग्राउंडकडे जाणारा प्रीसेट, म्हणजे वेग जुळवायचा छोटा फिरता रेझिस्टर, तुटलाय. २ व्होल्टच्या वर दिसले तर आयसी आतून शॉर्ट.

बहुतेक वेळा प्रीसेटच निघतो. मोटरची थरथर, पावसाळी दमट हवा, धूप-कापराचा धूर; सरकता संपर्क टिकणार कसा? तो काढून आउटपुट आणि ॲडजस्टमधल्या २४० ओहमच्या रेझिस्टरच्या जोडीला ९१० ओहमचा पक्का रेझिस्टर टाकायचा, ६ व्होल्ट मिळतात. मोटर जोडण्याआधी २२ ओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरवर तपासून घ्यायचं, ही तुमची शिस्त आम्हाला फार मोलाची वाटते.

चक्र अडखळत फिरत असेल तर दोष वेगळा: ब्रिजनंतरचा १००० मायक्रोफॅरडचा फिल्टर कपॅसिटर सुकलेला असतो. २२०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा घालावा.

आयसी बदलावाच लागला तर त्याची धातूची पट्टी आउटपुटला जोडलेली असते, ग्राउंडला नव्हे. ७८०५ या ५ व्होल्टच्या आयसीची पट्टी ग्राउंडला असते; त्या सवयीने ती थेट लोखंडी पेटीवर आवळली आणि पेटी ग्राउंडला असली, तर आउटपुट शॉर्ट. मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश हवाच. हीटसिंकही हवा, कारण सुमारे दीड वॉट उष्णता निघते.

आणि मोटरच्या टोकांवर १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर, आयसीच्या आउटपुटकडून इनपुटकडे १एन४००७ डायोड, त्यावरचा पट्टा इनपुटच्या बाजूला. वीज गेल्यावर फिरत राहिलेली मोटर आउटपुटकडून मागे व्होल्टेज देते, तो या डायोडमधून निघून जातो. हे दोन भाग काही रुपयांचे, पण तयार सर्किटमध्ये ते सहसा नसतातच.

काका, प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्रीही तुम्ही कुणाला परत पाठवत नाही. तुमचे ऋण मोठे आहे.

आपले,
सजावटीचे कार्यकर्ते