चर्चमधील गायक-वादकांना तयारीचा अवधी हवा

संपादक महोदय,
स. न.

कॅथलिक चर्चमध्ये काही बदल झाला की चर्चा होते ती भाषेची, विधीची किंवा नव्या धर्मगुरूंच्या नेमणुकीची. तो बदल भाविकांच्या कानावर प्रत्यक्ष पडतो तो मात्र रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधील मुख्य सामूहिक उपासनेत, गायकवृंद आणि ऑर्गनवादक यांच्या मार्फत. आणि नेमके त्यांनाच तो बहुधा सर्वांत शेवटी कळतो. गेली बावीस वर्षे मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवत आहे. त्या अनुभवावरून माझे म्हणणे एवढेच आहे की, बदल ठरवणाऱ्यांनी त्याच निर्णयात गायक-वादकांच्या सरावाचा अवधी आणि शिक्षणाची सोयही ठरवावी.

काही वर्षांपूर्वी एका शनिवारी रात्री साडेनऊ वाजता मला निरोप आला की, उद्यापासून ‘ग्लोरिया’ या मिस्सातील स्तुतिगीताची जुनी चाल बंद आणि सोबत पाठवलेली नवी सुरू. सकाळच्या मिस्सापूर्वी आम्हाला जेमतेम वीस मिनिटे मिळाली. आमच्या जुन्या वह्यांत ओळीओळींवर पेन्सिलीच्या खुणा होत्या: श्वास कुठे घ्यायचा, कुठला सूर ओढायचा नाही, कुठे नजर वर करून वेदीकडे पाहायचे. नव्या झेरॉक्सचा कागद कोरा होता. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई, ज्यांना स्वरलेखन वाचता येत नाही पण एकदा कानात बसलेली चाल ज्यांच्या गळ्यातून कधी ढळली नाही, त्या दिवशी ओठ मिटून उभ्या राहिल्या. मिस्सा संपल्यावर ‘आज कॉयरची तयारी दिसली नाही’ हा शेरा ऐकायची पाळी मात्र आमच्यावरच आली.

बदलच नकोत, असा माझा आग्रह नाही. पोप पायस दहावे यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती मानल्या गेलेल्या संत सिसिलियाच्या सणादिवशी, काढलेल्या आदेशाने ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या प्राचीन लॅटिन एकसुरी गायनाला, आदर्श ठरवले, नाटकी थाटाच्या संगीताला दार बंद केले, पियानोला मनाई केली आणि गायकवृंदात स्त्रियांना जागाच नाकारली. (आज कित्येक गायकवृंद स्त्रियांच्याच बळावर उभे आहेत, ही गोष्ट तो आदेश वाचताना आठवल्यावाचून राहत नाही.) एवढ्या कडक आदेशातही गायकांच्या शिक्षणाचा विचार होता, जागोजागी गायनशाळा आणि संगीताची उच्च विद्यालये यांना आधार द्यावा, असे त्यात म्हटले होते, आणि त्याच पोपच्या काळात, १९११ मध्ये, रोममध्ये चर्चसंगीताचे उच्च विद्यालय सुरू झाले, जे आजही चालू आहे. मनाई करणाऱ्याने शिकवण्याचीही जबाबदारी घेतली, हे मला महत्त्वाचे वाटते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचे संविधान जाहीर केले आणि त्याचे सहावे प्रकरण सबंध संगीताला दिले. त्यातील ११४व्या कलमात गायकवृंद कसोशीने वाढवावेत असे सांगून लगेच, गायनात सर्व भाविकांचा सक्रिय सहभाग असावा याचीही काळजी बिशपांनी आणि धर्मगुरूंनी घ्यावी, असे बजावले आहे. पुढच्याच कलमात संगीतरचनाकारांना आणि गायकांना उपासनेचे खरेखुरे शिक्षण मिळाले पाहिजे, असे म्हटले आहे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी ११४व्या कलमातील दोन गोष्टींपैकी लोकांच्या सहभागाची तेवढी वाचली गेली. लोकांनी गायचे म्हणजे गायकवृंदाची गरज संपली, असा सोयीस्कर अर्थ काढला गेला आणि तोवरच्या लॅटिन मिस्सात आयुष्यभर गायलेल्या मंडळींना, आभाराचे दोन शब्दही न बोलता, ऑर्गन आणि गायकवृंद यांच्या माडीवरून खाली बाकांवर बसवण्यात आले. ५ मार्च १९६७ रोजी संगीताविषयी जी स्वतंत्र सूचनावली रोमहून निघाली तिने गायकवृंदाच्या सेवेचा पुन्हा मुद्दाम उल्लेख केला. पण मोडलेला गायकवृंद नुसत्या परिपत्रकाने परत उभा राहत नाही. त्यातच ३ एप्रिल १९६९ रोजी पोप पॉल सहावे यांनी नव्या मिस्साविधीला मंजुरी दिली, तेव्हा लोकभाषांतील शब्द हाती येत होते, पण त्यांना साजेशा चाली अजून घडायच्या होत्या. त्या वर्षांत घाईघाईने जे काही रचले गेले त्याबद्दल आज नाके मुरडणे सोपे आहे. पण पुढच्या रविवारी लोकांनी काय गायचे, या प्रश्नाचे उत्तर त्या रचनाकारांना आधीच्या शुक्रवारी द्यावे लागत होते.

हेच काम नीट करता येते, याचा दाखला २०११ मध्ये मिळाला. इंग्रजी मिस्साचा नवा अनुवाद अमेरिकेत त्या वर्षी २७ नोव्हेंबरपासून, नाताळपूर्वीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, लागू झाला. ‘ग्लोरिया’च्या ज्या ओळीत आधी ‘पीस टू हिज पीपल ऑन अर्थ’ असे शब्द होते तिथे ‘ऑन अर्थ पीस टू पीपल ऑफ गुड विल’ आले. वाचणाऱ्याला हा फरक किरकोळ वाटेल. पण गाणाऱ्याच्या दृष्टीने ओळीची अक्षरे वाढली, आघात सरकले आणि तीस-चाळीस वर्षे जिभेवर बसलेली चाल त्या शब्दांना पुरेनाशी झाली. ‘क्राइस्ट हॅज डाइड’ हा सर्वांच्या तोंडी असलेला जयघोष तर नव्या ग्रंथात राहिलाच नाही. मात्र तेथील बिशपांनी एक शहाणपणाची सवलत ठेवली होती: गायचे भाग सप्टेंबरपासूनच हळूहळू म्हणायला सुरुवात करण्याची मुभा धर्मप्रांतांना होती. म्हणजे शब्द बदलण्याआधी गळ्यांना दोन-तीन महिने मिळू शकत होते.

याउलट, १९६९ च्या आधीच्या जुन्या लॅटिन मिस्सावर निर्बंध घालणारे पोप फ्रान्सिस यांचे पत्र १६ जुलै २०२१ रोजी निघाले आणि तत्काळ लागू झाले. त्या निर्णयाच्या योग्यायोग्यतेत मी शिरत नाही. पण त्या मिस्सासाठी वर्षानुवर्षे ग्रेगोरियन गायन शिकलेल्या गायकांचे पुढे काय, त्यांचे कौशल्य नव्या विधीत कुठे वापरता येईल, हे त्यांच्याशी बसून बोलणारे कोणी हवे होते. वास्तविक परिषदेच्या संविधानाने ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान दिलेच आहे. त्यामुळे अशा गायकांना सामावून घ्यायला निमित्त शोधावे लागले नसते. कोविडच्या महामारीत तर गाणेच धोक्याचे ठरले. कॅमेऱ्यासमोर एक वादक आणि एक गायक एवढाच गायकवृंद कित्येक महिने उरला, आणि त्यानंतर परत न आलेल्या जुन्या आवाजांची विचारपूस फार थोड्या ठिकाणी झाली.

तरी रोमहून येणारे बदल क्वचितचे. रोजचे बदल जवळचे असतात. प्रमुख धर्मगुरूंची बदली होते, नव्या फादरांची आवड वेगळी असते, दोन धर्मग्राम (एकेका चर्चच्या हद्दीतले भाविक-समूह) एकत्र केले जातात आणि एका माडीवर दोन गायकवृंद व दोन वादक येतात. अशा वेळी कोणाला थांबायला सांगायचे हे ठरते, पण ते कसे सांगायचे याचा विचार होत नाही. वीस वर्षे प्रत्येक अंत्यविधीला कामावरून रजा काढून आलेल्या वादकाला सूचनाफलकावर आपल्या जागी दुसऱ्याचे नाव वाचायला मिळावे, हे बरे दिसत नाही. आमच्यापैकी काहींचाही यात दोष आहे, हे मी मान्य करतो. माडी म्हणजे आपली जहागीर समजणारे आणि नवे गीत आले की आधी कपाळाला आठ्या घालणारे वादक मी पाहिले आहेत. एके काळी मी त्यांच्यातच मोडत होतो. मला त्यातून बाहेर काढले ते एका फादरांनी. ते रुजू झाल्यानंतरच्या पहिल्याच आठवड्यात सरावाला आले, मागच्या बाकावर तासभर बसले आणि निघताना ‘मला प्रतिसादस्तोत्र शिकवाल का?’ एवढेच विचारून गेले.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. नवी चाल किंवा नवा ग्रंथ लागू करण्यापूर्वी किमान सहा आठवडे तो गायकवृंदाच्या हाती द्यावा आणि भाविकांनाही मिस्साआधी पाच मिनिटे ती शिकवू द्यावी. धर्मगुरूंची बदली होताना जशी हिशेबाची व नोंदवह्यांची सूत्रे सोपवली जातात, तशी संगीताचीही सोपवावीत; कोण गाते, कोण वाजवते, कोणत्या सणाला काय गायले जाते, हे नव्या फादरांना जुन्यांकडूनच कळावे. जिथे वादकाला मानधन दिले जाते तिथे कामाच्या अटी लेखी असाव्यात. धर्मप्रांताने वर्षातून एकदा तरी उपासना आणि संगीत यांचे शिबिर घ्यावे, आणि त्याचा खर्च गायकांच्या खिशावर पडू नये. ज्या धर्मग्राम समितीत हे निर्णय होतात तिच्या बैठकीला गायकवृंदाच्या प्रमुखाला बोलवावे, आणि तेही निर्णय झाल्यावर नव्हे, त्यापूर्वी.

आपला नम्र,
एक ऑर्गनवादक