बुरुजाची खिडकी दाखवणाऱ्या ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,

सादर नमस्कार.

अक्रोडाच्या लाकडात कोरलेल्या, हातभरही उंच नसलेल्या एका मूर्तीसाठी आपण जवळजवळ दोन वर्षे माझ्या शंकांना उत्तरे देत राहिलात. एवढ्या श्रमांचे आभार एका खासगी चिठ्ठीत मानून माझे समाधान होईना, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

मूर्ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या बैठकीखाली पिवळा पडलेला एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर ‘संत कॅथरीन, रीमेनश्नायडर’ एवढेच लिहिलेले होते. एवढ्या मोठ्या शिल्पकाराचे नाव वाचल्यावर मी दुसरे काही पाहिलेच नाही. आपण मात्र पहिल्याच भेटीत तो कागद बाजूला ठेवलात, मूर्ती मऊ कापडावर पालथी घातलीत, खोलीतला दिवा मालवलात आणि विजेरीचा झोत तिच्या सपाट पाठीवरून तिरपा सोडलात. खालच्या कडेशी, रंगाच्या पापुद्र्याआड, शेजारी शेजारी उमटलेल्या तीन उभ्या पट्ट्या तेव्हा मला प्रथम दिसल्या. आजच्या बेल्जियममधल्या तीन शहरांपैकी अँटवर्पच्या लाकडी शिल्पांवर हाताचा पंजा, ब्रसेल्सच्या शिल्पांवर लाकडी हातोडा आणि मेखलेनच्या शिल्पांवर शहराच्या मानचिन्हातल्या या तीन पट्ट्या उमटवत असत, हे आपण सांगितलेत, तेव्हा त्या कागदावरचा माझा विश्वास उडाला.

तरीही आपण केवळ शिक्क्यावर विसंबला नाहीत, याचे मला आजही कौतुक वाटते. 1531 मध्ये निधन पावलेले रीमेनश्नायडर जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये प्रामुख्याने लिंडनच्या लाकडात काम करत आणि त्यांच्या कितीतरी मूर्ती रंगाविनाच राहिल्या. ही मूर्ती मात्र अक्रोडाची, आणि रंग व सोनेरी वर्ख तिच्या अंगावर आरंभापासून असलेली. मेखलेनमधील होफ व्हान बुसलायडन संग्रहालयात ज्या सात ‘बंदिस्त बागा’, म्हणजे छोट्या संतमूर्ती आणि रेशमी फुले मांडलेल्या लाकडी पेट्या, जपून ठेवल्या आहेत, त्यांतल्या छोट्या संतमूर्तींची छायाचित्रे आपण माझ्यासमोर मांडलीत, आणि तेच गोल चेहरे, तेच उंच कपाळ, तेच अरुंद डोळे आणि ओठांवरचे तेच पुसट हसू मला ओळखू आले. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा मूर्ती तिथल्या कार्यशाळांतून मोठ्या संख्येने बाहेर पडत होत्या. त्यामुळे एखाद्या कारागिराचे नाव देण्याचा मोह टाळून ‘मेखलेन येथील कार्यशाळा’ एवढेच लिहावे, असे आपण सुचवलेत. सुरुवातीला मी थोडा हिरमुसलो होतो, हे कबूल करतो.

मात्र ज्या क्षणासाठी मी आपला सर्वाधिक ऋणी आहे, तो उजव्या हाताचा. त्या हातात मोडक्या चाकाचा तुकडा होता आणि चाक ही संत कॅथरीनची खूण, म्हणून मूर्ती तिची, असा सरळ हिशेब मी मांडला होता. आपण भिंगातून मनगटाचा सांधा तपासलात: हाताचे लाकूड वेगळे होते, तो यंत्रावर बनलेल्या गोल तारेच्या खिळ्याने बसवलेला होता, आणि अंगावरच्या झग्यात अझुराइट या जुन्या खनिज निळ्या रंगावर प्रशियन निळ्याचा थर चढलेला असताना हाताच्या बाहीवर मात्र एकटा प्रशियन निळाच होता. हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये प्रथम तयार झाला, म्हणजे हात त्यानंतरचाच, आणि खिळा पाहता तो एकोणिसाव्या शतकाच्या आधीचा असणे कठीण. मग आपण माझे बोट धरून मूर्तीच्या पायाशी असलेल्या एका ओबडधोबड खुंटावर ठेवलेत. मी ज्याला झाडाचा बुंधा समजत होतो, त्यात धुळीने बुजलेली, नखाएवढी, वर कमान असलेली खिडकी कोरलेली होती. तो तुटलेल्या बुरुजाचा तळ होता, आणि बुरूज ही संत बार्बराची खूण. इतक्या वर्षांत ती मूर्ती मी परक्या नावाने ओळखत आलो होतो.

मूर्तीचा तुकडा कार्बन चाचणीला पाठवण्याची मला घाई झाली होती. झाड केव्हा वाढले हे त्या चाचणीतून कळते, ते केव्हा कोरले हे कळत नाही, आणि जुने लाकूड मिळवून नवी मूर्ती कोरणारेही असतात, हे समजावून आपण मला थांबवलेत. त्याऐवजी किडीची छिद्रे पाहायला शिकवलेत. आधीच पोखरलेले लाकूड कोरले असते तर किडीची भुयारे पृष्ठभागावर उभी चिरलेली, पन्हळींसारखी उघडी पडली असती. इथे मात्र रंगाचे थर भेदून आत गेलेली गोल भोके आहेत. डोक्याच्या माथ्यावरचे मोठे भोकही किडीचे नसून, कोरताना लाकूड आडवे पकडून ठेवण्यासाठी केलेले आहे, हेही मला आपल्याकडूनच कळले.

पूर्वमालकीच्या शोधात आपण अधिकच कठोर होतात. बैठकीवरचा खडूचा आकडा एका जुन्या लिलावाच्या यादीशी जुळला म्हणून मी आनंदाने आपल्याला कळवले, तर ‘लाकडी संतमूर्ती’ एवढ्या वर्णनात शेकडो मूर्ती बसतील, असे आपले उत्तर आले. त्याच यादीतले छायाचित्र मिळून मुकुटाचा तुटलेला कोपरा आणि डाव्या गालावरची चीर जुळेपर्यंत आपण ती नोंद मान्य केली नाहीत. 1933 ते 1945 या काळातला मालक अद्याप सापडलेला नाही. त्या नाझी राजवटीच्या काळात कितीतरी कलावस्तू मालकांकडून बळजबरीने हिरावून घेतल्या गेल्या, म्हणून ती जागा अंदाजाने भरू नये आणि हरवलेल्या वस्तूंच्या जाहीर याद्या तपासत राहावे, असे आपण बजावलेत. ते काम मी चालू ठेवले आहे.

नोंदवहीत आता असे लिहिले आहे: ‘संत बार्बरा. मेखलेन येथील कार्यशाळा, सोळाव्या शतकाचा पूर्वार्ध. अक्रोड, रंग व सोनेरी वर्ख. उजवा हात नंतरचा. 1933 ते 1945 मालकी अज्ञात.’ आपल्या सांगण्याप्रमाणे जुना कागद फेकून न देता पाकिटात घालून मूर्तीसोबत ठेवला आहे, आणि हातही होता तिथेच राहू दिला आहे. खिडकीतली धूळ मात्र आपण दिलेल्या मऊ कुंचल्याने मी स्वतः काढली; आत पिवळसर सोन्याचा एक ठिपका अजून शिल्लक आहे. त्याचे छायाचित्र या पत्रासोबत आपल्याला पाठवत आहे.

आपला कृतज्ञ,
मूर्तीचा सध्याचा सांभाळकर्ता