एसवाय पास झालेल्या बाईला परत एफवायला का बसवता?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दर जून-जुलैला तुमच्या पेपरात ॲडमिशनच्या बातम्या येतात, कटऑफ किती लागला, कुठल्या कॉलेजला किती जागा रिकाम्या राहिल्या, कितवी फेरी चालू आहे, आणि मी त्या सगळ्या वाचते कारण घरातली दोन मुलं त्यातूनच गेलीत. पण आमच्यासारख्यांबद्दल त्यात कधी काही नसतं म्हणून हे पत्र लिहितेय. आमच्यासारखे म्हणजे ज्यांची डिग्री वीस-पंचवीस वर्षांपूर्वी अर्धवट सुटली आणि ज्यांना ती आता जिथे सुटली तिथून पुढे पूर्ण करायची आहे.

मी बीकॉमची दोन वर्षं पास आहे, एफवाय पण आणि एसवाय पण, एकही विषय राहिलेला नाही. टीवायचा फॉर्म भरायच्या आधी लग्न ठरलं, सासर दुसऱ्या जिल्ह्यात, मग मुलं, मग सासूबाईंचं आजारपण, पुढचं सांगायला नको कारण वाचणाऱ्या निम्म्या बायकांना ते माहितीये. मुलं जरा मोठी झाल्यावर घराजवळच्या एका टॅक्स कन्सल्टंटकडे कामाला लागले. आधी नुसती व्हाउचरं लावायची, नंतर टॅली शिकले, मग व्हॅटची रिटर्न आणि २०१७ पासून जीएसटी. आता बीकॉम झालेली पोरं नवीन लागतात ना ऑफिसला, त्यांना जीएसटीचं थ्रीबी रिटर्न कसं भरायचं आणि पोर्टलवरच्या टूबी यादीशी खरेदी कशी जुळवायची हे मीच बसून दाखवते. पण पतसंस्थेत अकाउंटंटची जागा निघाली की जाहिरातीत पहिलीच अट पदवीधर, तिथेच आपण बाद. म्हणून ठरवलं की आता टीवाय करून टाकायचं, एकच तर वर्ष राहिलंय.

मला वाटलं वय आडवं येईल. ते नाही आलं, बीए-बीकॉमला वयाची वरची अटच नाही. आणि जिथे होती तिथे पण ती सुटत चाललीये, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेला खुल्या गटासाठी २५ वर्षांची मर्यादा होती ती २०२२ ला काढली, वकिलीच्या प्रवेशाला २० आणि ३० वर्षांची मर्यादा घातली होती तिला सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये स्थगिती दिली. म्हणजे वयस्कर माणसानं शिकायला येऊ नये असं आता कायदा पण म्हणत नाही. अडलं ते त्या पास झालेल्या दोन वर्षांवर.

ऑनलाईन फॉर्म भरायला बसले तर बारावी पास झाल्याचं वर्ष निवडायच्या यादीत माझं वर्षच नव्हतं. पुढे पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायम नोंदणी नंबर मागतो, आमच्या वेळी आम्हाला फक्त सीट नंबर असायचा. मार्कशीटवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि ते एबीसी आयडी, म्हणजे पास झालेल्या विषयांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नंबर, काढायला डिजिलॉकरमध्ये आधार लागतं, म्हणजे दोन नावांची एकच बाई आहे हे आधी सिद्ध करा. मग कॉलेजात गेले. तिथे गॅप सर्टिफिकेट सांगितलं, ते अफिडेव्हिट करून दिलं. टीसी दिली. मग म्हणाले विद्यापीठ बदलल्याचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणा, मग म्हणाले तुमचा सिलॅबस जुना आहे, वार्षिक परीक्षेचा, आता सेमिस्टर आहे, याची इक्विव्हॅलन्स, म्हणजे जुनं नव्याच्या बरोबरीचं असल्याचं पत्र, विद्यापीठातून आणा. विद्यापीठात म्हणाले हे कॉलेजनं पाठवायला पाहिजे. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून हे हेलपाटे परवडले, नाहीतर मी केव्हाच सोडून दिलं असतं. खिडकीवरचे एक दादा मात्र खरं बोलले, म्हणाले ताई तुमचं चुकत नाही, पण इतक्या जुन्या केसचं काय करायचं याचा वरून काही आदेशच नाही, म्हणून कोणी सही करत नाही, तुम्ही सरळ एफवायला ॲडमिशन घ्या. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो आदेश नसण्यावर.

अजून एक गोष्ट आहे जी मोठ्या शहरातल्या लोकांच्या लक्षात येणार नाही. आपल्याकडे विद्यापीठं फुटत गेली. जळगावकडचा भाग १९९० ला पुणे विद्यापीठातून निघाला, नांदेड १९९४ ला मराठवाडा विद्यापीठातून, सोलापूर २००४ ला शिवाजी विद्यापीठातून, गडचिरोली-चंद्रपूर २०११ ला नागपूरमधून. चांगलंच झालं, मुलांना जिल्ह्यातच विद्यापीठ मिळालं. पण त्याच्या आधी जे शिकले त्यांचं कॉलेज आज एका विद्यापीठात आणि रेकॉर्ड दुसऱ्या विद्यापीठात. म्हणजे ज्या इमारतीत दोन वर्षं शिकलो तिथेच तिसऱ्या वर्षाला जायचं म्हटलं तरी कागदावर आपण बाहेरच्या विद्यापीठाचे, ट्रान्सफर केस. विद्यार्थी हलला नाही, हद्द हलली. मग तो जुना रेकॉर्ड दोन विद्यापीठांनी आपसात मागवायला नको का, त्यासाठी पन्नाशीकडे आलेल्या बाईनं दोन जिल्ह्यांच्या चकरा का मारायच्या?

आता मुख्य मुद्दा. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात म्हटलंय की शिक्षण मधेच सोडता येईल आणि परत येता येईल, एक वर्षानं सोडलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी डिग्री. हे वाचलं तेव्हा मला खरंच आनंद झाला होता, वाटलं कोणीतरी आपला विचार केला. त्यासाठी युजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२१ ला अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे (तेच ते एबीसी) नियम केले, तुम्ही जे पास झालात त्याची क्रेडिट, म्हणजे त्या विषयाला ठरवून दिलेले श्रेयांक, त्या खात्यात जमा राहतात आणि दुसऱ्या कॉलेजला नेता येतात. पण त्याच नियमात आहे की ही क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतील. शिक्षणाला औषधाच्या बाटलीसारखी एक्सपायरी डेट! आणि आमची तर जमाच नाहीत कारण तेव्हा क्रेडिट हा प्रकारच नव्हता, शंभर मार्कांचा पेपर असायचा.

सात वर्षांत कोण परत येतं याचा विचार केला का कोणी? मुलगा नोकरीसाठी कॉलेज सोडतो तो जम बसला की दोन-तीन वर्षांत परत येऊ शकतो. मुलगी लग्नामुळे सोडते ती पहिलं मूल दहावीला जाईपर्यंत स्वतःचं नाव काढत नाही, म्हणजे पंधरा-सोळा वर्षं तिथेच गेली, वर घरात कोणी म्हातारं आजारी असेल तर अजून. म्हणजे परत यायची ही सोय ज्यांना सगळ्यात जास्त लागते त्यांच्याच वेळेला ती संपलेली असते. आज माझ्या मुलीच्या वयाच्या ज्या मुली एसवायनंतर लग्न करून जातील त्यांची पण क्रेडिट आठव्या वर्षी जाणार, म्हणजे हा माझ्या पिढीपुरता जुना प्रश्न नाहीये, तो परत नव्यानं तयार होतोय.

सिलॅबस बदलला हे म्हणणं मी उडवून लावत नाही. बदलला आहेच. माझ्या पुस्तकात सेल्स टॅक्स होता, २००५ ला व्हॅट आला आणि २०१७ ला जीएसटी. कंपनी कायदा पण २०१३ चा नवा. मग जे नवीन आहे त्याचे दोन-तीन पेपर द्या ना आम्हाला, ब्रिज कोर्स म्हणा काही म्हणा, आम्ही अभ्यास करून पास होऊ. पण डेबिट-क्रेडिटचे नियम, घसारा, पार्टनरशिपची खाती, इकॉनॉमिक्समधली मागणी-पुरवठ्याची वक्ररेषा हे काय बदललं? त्यासाठी अठरा वर्षांच्या मुलांबरोबर परत पहिल्या बाकावरून सुरुवात करायची आणि तीन वर्षांची फी भरायची?

आणि कामाच्या अनुभवाला किंमत द्यायची नाही असं पण आपल्या देशात नाही. दहावी पास जवान पंधरा वर्षं नोकरी करून आला की केंद्र सरकारच्या गट क मधल्या पदवी लागणाऱ्या जागांना त्याला अर्ज करता येतो, आमच्या शेजारी असे एक काका आहेत, आणि ते अगदी योग्य आहे. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये पण अनुभवाला क्रेडिट द्यायचं लिहिलंय. मग वर्षानुवर्षं जीएसटी भरणाऱ्या बाईला टॅक्सच्या एका पेपरात तरी त्याचा फायदा मिळू द्या. मी नुसत्या अनुभवावर डिग्री मागत नाहीये, परीक्षा द्यायला तयार आहे.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात असते, तिची पण डिग्री इथे अर्धवट राहिलेली. तिकडे ११६ कम्युनिटी कॉलेजेस आहेत, तिथे दोन वर्षं करून मग मोठ्या विद्यापीठात ट्रान्सफर घ्यायची पद्धत आहे, २०१० ला त्यांनी कायदाच केला की ठरलेला दोन वर्षांचा कोर्स पूर्ण केला तर तिथल्या राज्य विद्यापीठात जागा मिळणार. तिनं आपल्या इथल्या जुन्या मार्कशीटा एका मूल्यमापन करणाऱ्या संस्थेला पाठवल्या, त्यांनी एकेका पेपरचं क्रेडिट लावून दिलं आणि तिला काही विषय माफ झाले. तिच्या वर्गात आजोबा-आजी पण होते म्हणे. आपल्या महाराष्ट्रातल्या मार्कशीटला सातासमुद्रापार कोणीतरी वाचून मोजतं आणि इथे ती बाजूला सारली जाते याचं मला फार वाईट वाटतं.

लोक सांगतात मुक्त विद्यापीठातून कर. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाबद्दल मला आदरच आहे, १९८९ पासून त्यांनी किती जणांना शिकवलं, ज्ञानगंगा घरोघरी हे ब्रीद त्यांनी खरं केलं, माझ्या जाऊबाई तिथूनच बीए झाल्या. पण मला वर्गात बसायचंय. कॉस्टिंगमध्ये अडलं तर हात वर करून सरांना विचारायचंय, लायब्ररीत बसायचंय, इतकी वर्षं घरातल्या ओट्याजवळ उभं राहून वाचलं ते पुरे झालं. वय झालं की घरूनच शिका असं आपण का ठरवून टाकलंय? रमाबाई रानड्यांनी १९०९ ला पुण्यात सेवासदन काढलं ते संसारी बायकांनी आणि विधवांनी घराबाहेर येऊन शिकावं म्हणूनच ना, आणि अण्णासाहेब कर्व्यांनी १९१६ ला बायकांसाठी विद्यापीठच काढलं. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली तेव्हा गुलाबी नऊवारीतल्या आज्यांचे फोटो किती प्रेमानं छापले सगळ्यांनी, मी पण ते सगळ्या ग्रुपवर पाठवले होते. तेवढीच आस्था कॉलेजच्या खिडकीशी उभ्या असलेल्या पंचेचाळीशीच्या बाईबद्दल असू द्या एवढंच म्हणणं आहे.

उच्च शिक्षण विभागानं आणि सगळ्या कुलगुरूंनी मिळून एक परिपत्रक काढावं, की दुसरं वर्ष पूर्ण पास असलेल्याला कितीही वर्षांनी आला तरी ठराविक ब्रिज पेपरवर तिसऱ्या वर्षाला घ्यायचं. नावाच्या बदलासाठी विवाह नोंदणीचा दाखला पुरे धरावा. कामं करून येणाऱ्यांसाठी निदान तालुक्याच्या एका कॉलेजात संध्याकाळची किंवा रविवारची बॅच असावी, जागा रिकाम्या राहतायत असं तुमच्याच बातम्या सांगतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाही म्हणायचं असेल तर लेखी म्हणा. तोंडी नाही ऐकून माणूस घरी जातो आणि वर्ष संपतं, लेखी नाही असेल तर पुढे दाद तरी मागता येते. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहेच आपल्याकडे, किती दिवसांत काम करायचं ते ठरवून द्यायची सोय त्यात आहे, जुन्या मार्कशीटची इक्विव्हॅलन्स त्या यादीत घाला आणि मुदत लावा.

माझा अर्ज अजून तसाच पडून आहे, आणि प्रवेशाची मुदत संपली की परत पुढचा जून. वाचकांपैकी कोणाला दहा वर्षांपेक्षा जास्त गॅपनंतर थेट टीवायला प्रवेश मिळाला असेल तर कुठल्या विद्यापीठात मिळाला आणि कुठलं परिपत्रक दाखवलं, त्याची तारीख आणि नंबर काय, हे कृपया याच सदरात कळवा. मी त्याची झेरॉक्स घेऊन दुसऱ्याच दिवशी कॉलेजात जाईन.

आपली नम्र,
एक वाचक
(नाव-गाव छापू नये ही विनंती)